ऑरिन ट्वेट स्वतःसाठी बंदूक घडवतो

ऑरिन ट्वेटकडून बंदूक घडवून घ्यायची, तर आधी चारचौघांत फजिती करून घ्यायची तयारी ठेवावी लागते, हे आमच्या स्टोनी बेंडमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. बाहेरगावच्या गिऱ्हाइकाला नसतं. तो बिचारा ऐटीत येतो, ट्रकमधून उतरायच्या आतच काडतुसाचं नाव घेतो. "मला तीनशे अडतीस हवी. हजार यार्डांवरून एल्क पाडायचाय." एल्क म्हणजे इकडचं घोड्याएवढं हरीण. ऑरिन मान डोलावतो, कपात कॉफी ओततो आणि भिंतीवरच्या तीन बंदुका खाली काढतो. तिन्ही दिसायला सारख्या, तिन्हींवरचे आकडे काळ्या चिकटपट्टीने झाकलेले. एकीचं काडतूस लहान, एकीचं मधलं, एकीचं दांडगं. दुकानामागच्या माळावर पोटावर पडायचं, समोर नऊ इंची लोखंडी ताटली टांगलेली, आणि काडतूस भरणार ऑरिन. गिऱ्हाइकाने नजर पुढे ठेवायची, मागे वळून बघायचं नाही.

चार-पाच बार झाले की ऑरिन हळूच एक फुसकं काडतूस सारतो. आत ना दारू, ना टिकली. गडी श्वास रोखतो, चाप ओढतो, आणि आवाज येतो नुसता 'टक्'. पण बंदुकीचं तोंड? ते वीतभर खाली गेलेलं असतं. धक्का यायच्या आधीच माणूस दचकलेला असतो. खरी गोळी असते तेव्हा ते दचकणं दणक्यात लपून जातं, आता मात्र सगळ्यांना दिसतं. मग ऑरिन शांतपणे म्हणतो, "बंदूक बरोबर आहे, दादा. तुझा खांदा भ्यालाय. चल, आता काडतुसाचं बोलू."

कोणी रागावून निघून जातो, जाऊ देत. जे थांबतात त्यांना सात सकाळी यावं लागतं. रोज एकच गोळी, थंड नळीतून. कारण डोंगरात जनावर पहिल्या गोळीला उभं असतं, पाचव्या गोळीची वाट बघत नाही. सातही गोळ्या ज्या अंतरावर ताटलीला लागतात तेवढं त्या माणसाचं अंतर. तो आकडा ऑरिन दस्त्याच्या टोकाला, रबराच्या गादीखाली, तापल्या सुईने लाकडात उमटवतो. तिथे तो कोणाला दिसत नाही, पण मालकाला माहीत असतो. अशा चारशेवर बंदुका त्याने मोंटानाभर पाठवल्यात.

सहासष्ट वर्षांचा काटकुळा माणूस. कान मोठे आणि बोलणं कमी. रेल्वेच्या कारखान्यात लेथ शिकला, तिथून सुटला तो स्वतःचं दुकान काढून बसला. बायको आर्डिस, तीस वर्षं शाळेची बस चालवून निवृत्त झालेली. बर्फात चाळीस मैल पोरं सुखरूप पोचवणाऱ्या बाईचा हात कधी थरथरत नाही. दस्त्याच्या लाकडाला तेल चोळायचं काम तिचं, आणि ऑरिनला जमिनीवर आणायचंही.

जून महिन्यात सोडतीचा निकाल लागला. मिसुरी नदीकाठच्या चिकणमातीच्या कड्याकपारींना आम्ही ब्रेक्स म्हणतो, तिथल्या मोठ्या शिंगांच्या डोंगरी मेंढ्याच्या शिकारीचा परवाना. दर वर्षी हजारो लोक नाव घालतात, मिळतो मूठभरांना. कित्येकांची हयात जाते. ऑरिन चौतीस वर्षं नाव घालत होता. त्या दिवशी संगणकावर स्वतःचं नाव बघून तो उठला, लेथ बंद केलं, दुकानाला कडी घातली आणि चार वाजताच घरी आला. आर्डिसला वाटलं, कोणीतरी गेलं.

"लागलं," तो म्हणाला.

"काय लागलं? कुठे लागलं? दाखव."

"अगं, मेंढा! माझं नाव लागलं!"

आर्डिस खुर्चीत बसली आणि हसायलाच लागली. मग दोघांनी रुबार्बचा आंबटगोड केक अख्खा संपवला. रात्रीच्या जेवणाचं कोणी नावही काढलं नाही.

इथवर सगळं ठीक होतं. दुसऱ्या दिवशी गडी कॉफीला गेला आणि तिथे क्लेल बसला होता. क्लेल म्हणजे आमचा गुरांवाला, ऑरिनचा शाळेपासूनचा मित्र, आणि तोंडाचा पट्टा असा की बंद म्हणून होत नाही. त्याने एकदा एल्क मारला होता, पाचशे यार्डांवरून. मग तो सहाशे झाला. हल्ली आठशे दहावर आलाय.

"काय रे, किती लांबून मारणार?" क्लेलने विचारलं. आमच्याकडे कोणी 'काय मारलंस' विचारत नाही, आधी 'किती लांबून' विचारतात.

"जेवढं जमेल तेवढं."

"जेवढं जमेल? अरे, चौतीस वर्षं थांबलास, लेका! तू दूरच्या बंदुका घडवणारा माणूस. तीनशेवरून मारलास तर लोक म्हणतील, म्हातारा दुसऱ्यांना तोफा बनवून देतो आणि स्वतः दगड मारतो. पोरं आता इंटरनेटवरून बंदुका मागवतात, हे तरी बघ."

शेवटचं वाक्य ऑरिनला झोंबलं. खरंच दोन वर्षांत गिऱ्हाईक घटलं होतं. आणि मनात एक बंदूक होतीच, वीस वर्षांपासूनची. तीनशे मॅग्नम. लांबलचक काडतूस, ओंजळभर दारू, गोळी हजार यार्डांपर्यंत रेषेत जाणारी, आणि सगळी बंदूक पावणेतीन किलोत. डोंगर चढायला हलकी हवी ना! हलक्या बंदुकीत दांडगं काडतूस घातलं की खांद्याचं काय होतं, हे त्याने दुसऱ्या कोणाला तासभर समजावलं असतं. स्वतःला समजावायला मात्र कोणी नव्हतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ना, ते हे. जुनी हरणाची बंदूक त्याने विकली, पोलाद आणि नळी मागवली, आणि ऑगस्टच्या सुरुवातीला ती मॅग्नम तयार झाली. देखणी झाली होती, खोटं कशाला बोलू?

मग त्याने केली ती चूक बंदूकवालाच करू जाणे. निशाण जुळवायला त्याने ती लोखंडी घोडीवर बांधली. ही घोडी म्हणजे शिशाच्या पिशव्यांनी जड केलेली चौकट. बंदूक तीत घट्ट बसते, धक्का सगळा चौकट खाते आणि माणसाने नुसतं बोट हलवायचं. तीन गोळ्या पडल्या त्या एका नाण्याखाली झाकतील अशा. ऑरिनने तो कागद कॉफीच्या दुकानात नेऊन क्लेलच्या पुढ्यात ठेवला. क्लेलने शीळ घातली.

पण सात सकाळींचा नियम त्याने स्वतःला माफ केला नाही, हे त्याचं मोठेपण. पहिल्या सकाळी पाचशे यार्डांवरच्या ताटलीसमोर पोटावर पडला, आर्डिसने काडतूस भरलं, कारण आपलं काडतूस आपण भरायचं नाही हाही त्याचाच नियम. दणका. ताटली वाजली नाही. माती उडाली खाली, डावीकडे.

"वारा," ऑरिन म्हणाला.

आर्डिसने गवताकडे बघितलं. पातं हलत नव्हतं. 

दुसऱ्या दिवशी दुर्बीण बदलली. तिसऱ्या दिवशी दुर्बिणीच्या कड्या. मग गोळ्या, मग दारूचं माप, मग दस्त्याचे स्क्रू. तीन आठवडे हेच चाललं. घोडीवर बांधली की नाण्याएवढं भोक, हातात घेतली की माती. ऑरिनची चिडचिड इतकी वाढली की कुत्रंसुद्धा दुकानात जाईना.

ऑगस्ट संपत आला होता. त्या सकाळी क्लेल कुंपणाशी उभा होता, मजा बघायला. ऑरिन पडला. आर्डिसने काडतूस घातलं, मागची बोल्टची खिट्टी लावली आणि मागे सरकली. ऑरिनने श्वास सोडला.

टक्.

बंदुकीचं तोंड गवतात जाऊन टेकलं.

क्लेल खो खो हसला. पण एकटाच हसतोय हे कळल्यावर गप्प झाला. ऑरिन तसाच पडून राहिला, गाल दस्त्यावर ठेवून. चाळीस वर्षं लोकांच्या तोफा तपासून तपासून खांद्याने कधीच हात टेकले होते, आणि मालकाला पत्ता नव्हता. लाज वाटली. अगदी कानांपर्यंत वाटली. मग तो उठला, गुडघे झटकले आणि क्लेलला म्हणाला, "बघितलंस? चारशे माणसांना मी हे दाखवलं. मला पहिल्यांदाच कोणी दाखवलं." बंदूक खांद्याला अडकवून तो दुकानात गेला.

दुपारी आर्डिस ओट्यावर लेफ्से लाटत होती. बटाट्याच्या त्या पातळ पोळ्या ऑरिनला लोणी-साखर लावून लागतात. तो दारात येऊन उभा राहिला.

"त्या वरच्या फळीवरचं खोकं…" त्याने सुरुवात केली.

"ते खोकं माझं आहे."

होतंच तिचं. खोक्यावर तिचं नाव होतं, ऑरिनच्याच अक्षरात. आत एक साडेसहा मिलिमीटरची नळी, जुन्या मौझर बंदुकीचा पोलादी सांगाडा आणि अक्रोडाचा एक ठोकळा. तिच्या साठीला देऊ म्हणून त्याने जमवलेलं. साठी होऊन चार वर्षं झाली, पण गिऱ्हाइकांचं काम आधी, बायकोचं नंतर. हंगामाला एकोणीस दिवस उरले होते. नवी नळी मागवली तर ख्रिसमसला आली असती. दुकानातल्या चाचणीच्या बंदुकांच्या नळ्या झिजून पार गेलेल्या.

"आर्डिस, ती मला दे. तुला मी नवीन—"

"नवीन काही नको. हीच कर. पण माझ्या मापाची. माझ्या हाताला, माझ्या खांद्याला. काडतूस मी निवडणार. तयार झाली की बंदूक माझी. तुला या हंगामापुरती उसनी देते."

"तुझ्या मापाचा दस्ता मला सव्वा इंच आखूड पडेल."

"मग मान आखडून घे. गेले तीन महिने ती जरा जास्तच ताठ झालीय."

ऑरिन हसला. त्या दिवसात पहिल्यांदा हसला. मग त्याने दुकानातून तीन काडतुसं आणली आणि टेबलावर जेलीच्या बाटल्यांमध्ये उभी केली. नळी ठरली तेव्हा गोळीची जाडी ठरलीच होती. प्रश्न एवढाच की तिच्यामागे दारू किती.

"ही बघ, पीआरसी," तो म्हणाला. आवाजात पुन्हा जीव आला होता. "नवी आहे, वेगवान आहे. दूरवर गोळी कमी पडते."

"आणि धक्का?"

"थोडा जास्त."

"आणि या मौझरच्या बोल्टमध्ये बसते?"

"बोल्टचं तोंड मोठं करावं लागेल."

"म्हणजे बसत नाही. पुढची."

"क्रीडमूर. मवाळ. अचूक. सगळे हीच घेतात."

"सगळे घेतात ना, मग घेऊ देत. आणि ही?" तिने तिसरं उचललं. लांब, नाजूक, सव्वाशे वर्षांपूर्वीचं. साडेसहा-पंचावन्न.

ऑरिनने तोंड वाकडं केलं. "ती स्वीडिश."

ऑरिनचं घराणं मूळ नॉर्वेचं, आणि आमच्याकडे नॉर्वेवाल्यांचं आणि स्वीडनवाल्यांचं कसं जमतं ते काय सांगावं! चर्चच्या तळघरात एकाच भांड्यातून वाढून घेतात आणि एकमेकांच्या कॉफीला नावं ठेवतात.

"हे काडतूस नॉर्वेच्या फौजेनेपण वापरलंय, मला शिकवू नकोस," आर्डिस म्हणाली. "आणि मीही स्वीडिशच आले होते या घरात. बेचाळीस वर्षं झाली. तुझं काय वाकडं झालं?"

ऑरिनने काडतूस तिच्या हातातून घेऊन बोटांत फिरवलं. तो कारागीर माणूस, त्याला आतून कळत होतं. गोळी लांब आणि जड, वाऱ्याला सहज दबणारी नाही. दारू कमी, धक्का मऊ. रिकामी पितळी नळकांडी दुकानात डबाभर पडलेली. आणि ही बंदूक साडेतीन किलोची करायची, म्हणजे खांद्याला आणखी आराम. "तिला सातशे-आठशे यार्डांचा दिमाख नाही," तो पुटपुटला.

"दिमाख मेंढ्याला दाखवायचाय की क्लेलला?"

तो कामाला लागला. त्या दिवसांत त्याला बघायला हवं होतं! लेथवर वाकलेला, तोंडाने शीळ, कुत्रं पायाशी परत आलेलं. काडतुसाचं घर त्याने असं कापलं की केसाएवढी जागा जास्त नाही. आर्डिस दर संध्याकाळी येऊन दस्ता खांद्याला लावून बघायची, "इथे खरवड, इथे राहू दे" म्हणायची, आणि तो मुकाट्याने रंधा मारायचा. बाराव्या दिवशी बंदूक उभी राहिली. सात सकाळी दोघांनी प्रत्येक अंतरावर एकेक गोळी झाडली, दर वेळी नळी थंड होऊ दिली. आर्डिसच्या सातही साडेपाचशेवर वाजल्या. ऑरिनच्या साडेतीनशेवर सात, पण चारशेवर एक हुकली. त्याने दोन्ही आकडे गादीखाली लाकडात उमटवले, तिचा वर, आपला खाली. साडेतीनशे लिहायच्या आधी त्याने सुई दोनदा तापवली, पण लिहिला.

हंगामाचे पहिले आठ दिवस ब्रेक्सने त्यांना नुसतं झुलवलं. एकदा पाऊस पडला आणि माती बुटांना अशी चिकटली की प्रत्येक पायाचं वजन दोन किलो झालं. माद्या दिसल्या, कोवळे नर दिसले. नवव्या सकाळी दहाच्या सुमाराला आर्डिसने पाठीवरची पिशवी खाली टाकली आणि ऑरिनची बाही ओढली.

दरीच्या पलीकडच्या सोंडेवर तो बसला होता. शिंगं गालाखालून पूर्ण वळून टोकाशी झिजलेली, छाती रुंद, डोळे अर्धे मिटलेले. दहा वर्षांचा तरी असेल. चौतीस वर्षं ऑरिनने ज्याची स्वप्नं बघितली, तो हाच.

आर्डिसने अंतर मोजलं. "पाचशे चाळीस."

ऑरिन बंदुकीमागे आडवा झाला. दुर्बिणीत मेंढा स्वच्छ दिसत होता. वारा शांत. जवळ जायचं तर दरीत उतरून, मागून वळसा घालून तीन तास, आणि तोवर तो उठून गेला तर संपलं. असा पुन्हा दिसायचा नाही. चारशेवर एकच तर हुकली होती, सहा लागल्या होत्या. पण हे पाचशे चाळीस, आणि हुकली तर पोटात लागेल, पाय मोडेल, आणि जनावर कुठल्यातरी कपारीत दोन दिवस मरत पडेल.

आणि बाजूला कोपरभर अंतरावर आर्डिस होती. ही गोळी तिची होती. साडेपाचशेवर सातात सात. परवाना त्याच्या नावाचा, पण इथे बघायला कोण होतं? वनरक्षक नव्वद मैलांवर. आमच्याकडे नवऱ्याच्या परवान्यावर बायको आणि बायकोच्या परवान्यावर नवरा हे उद्योग चालतात, चर्चमध्ये त्याची कबुली कोणी देत नाही एवढंच. नुसती बंदूक सरकवायची. एक शब्द पुरला असता. ऑरिनने मान वळवून तिच्याकडे बघितलं. तोंड उघडलं. आर्डिस मेंढ्याकडेच बघत होती.

त्याने तोंड मिटलं. बोल्ट उघडून काडतूस बाहेर काढलं, खिशात घातलं.

"तू इथे थांब," तो म्हणाला. "तो हलला तर टोपी हलव."

तीन तास नाही, चार लागले. दरीत उतरला, पलीकडे हातापायांवर चढला, शेवटी पोटावर. सेजची झुडपं तोंडावर ओरखडत होती. दर वीस हातांवर तो मागे बघायचा, आर्डिसची टोपी स्थिर असायची. गुडघे फुटले, हातात निवडुंगाचे काटे घुसले, आणि मनात एकच गोष्ट पक्की होती की साडेतीनशेच्या आत आलो की हा माझा. साडेतीनशे आले. पुढे आडोसा होता, तो आणखी सरकला. मेंढा उठून उभा राहिला, आळस दिला, आणि वळला तशी त्याची कूस समोर आली. दस्ता आखूड पडत होता, मान आखडून घेतली. चाप कधी सुटला त्याला कळलं नाही.

मेंढा जागच्या जागी बसला आणि कलंडला.

आर्डिस पोचेपर्यंत तासभर गेला. ऑरिन जनावराशेजारी मातीत बसला होता, दोन्ही हात शिंगावर. ढसाढसा रडून झालं होतं, चेहरा चिखलाने माखलेला.

"किती?" तिने विचारलं.

"एकशे साठ."

"बापरे! दगडच मारायचा ना मग."

तो हसला आणि पुन्हा रडला. तिने त्याला पाणी दिलं, सुरी काढली, पात्याला दगड लावला. 

"पलीकडे असताना तू काहीतरी म्हणणार होतास," ती म्हणाली.

ऑरिनला खोटं बोलता आलं असतं. "हो. तूच मार, म्हणणार होतो."

"ठाऊक होतं."

"म्हटलं असतं, तर मारला असतास?"

आर्डिसने सुरीची धार अंगठ्यावर बघितली. "मारला असता. तुझी चौतीस वर्षं मीही काढलीत, ऑरिन. एका गोळीत पाडला असता, घरी नेऊन शिंगं भिंतीवर लावू दिली असती. जन्मात कोणाला बोलले नसते. आणि तू मरेपर्यंत त्या भिंतीकडे पाठ करून जेवला असतास."

ऑरिनने मान हलवली. तसंच झालं असतं. मग त्याने बाह्या वर सारल्या आणि मेंढ्याचे मागचे पाय धरले, कारण जनावर सव्वाशे किलोचं होतं आणि ट्रक चार मैल लांब.